लसीच्या वारी नळ येतो तेव्हा

मैत्रिणींनो, मी अकोल्यातल्या एका वस्तीत आशा वर्कर आहे. आज आमच्या बुद्धविहारात लसीकरण होतं. सिस्टर वेळेवर आल्या, आम्ही सतरंजी टाकली, पण एकही आई आली नाही.

नळ आले होते ना!

मग मी घरोघरी निघाले. प्रियाच्या लेकीची गोवराची लस आधीच चुकलेली. प्रिया गल्लीत एका हातात पाईप धरून उभी, कडेवर लेकरू.

म्हटलं, "चाल वं माय, पाच मिनिटांचं काम आहे."

ती चिडलीच. "ताई, आता नळ गेला तं चार दिवस येत नाही. मंग लेकराले पानी तुमी देऊन राहिल्या का?"

मी तिच्या हातातला पाईप घेतला. "जा, मी भरतो."

ती गेली. ते पाहून शेजारीणही मला पाईप देऊन गेली, मग तिसरी. तिकडे सिस्टर लस टोचत होत्या आणि इकडे मी ड्रम भरत होते. सगळ्या लेकरांना लस मिळाली.

नळाचा दिवस पाहून लसीकरण ठेवा, हे मी आरोग्य केंद्राच्या साहेबांना कितीदा सांगितलं. ते म्हणतात, वार ठरलेला असतो. तुमच्याकडे कोणी ऐकतं का हो?

घरी आले तर सासूबाई दारातच. "कुठी होती वं? आपला नळ येऊन गेला. माह्याच्यानं काई भरनं झालं नाही."

साडी चिखलानं भरली आहे. धुवायला पाणी नाही.