विषम नंबर माझे, सम तिचे

बेसबॉल मी आजतागायत पाहिलेला नाही. त्यात कोण कुठे धावतं आणि का धावतं हे मला कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही. तरी आखातात, अल ऐनला राहत होते तेव्हा मी वर्षानुवर्षं बेसबॉलची कार्डं जमवली आणि त्यांच्यापायी एका बाईवर जो राग धरला तो अजून उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. आमच्यासारखीच पुण्याची. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, ती शाळेत गणित शिकवायची. जून आला की कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या अमेरिकन लोकांच्या व्हिलांच्या फाटकांवर लीव्हिंग सेलचे, म्हणजे निघताना घरातलं सामान विकण्याचे, कागद चिकटायचे. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल, अशाच एका सेलमध्ये आम्ही दोघी इस्त्रीचं टेबल शोधायला गेलो आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आलो. डब्यात खेळाडूंची कार्डं होती. पुढे टोपी घातलेला, गाल फुगवून काहीतरी चघळणारा माणूस, मागे बारीक आकडेमोड आणि कोपऱ्यात कार्डाचा नंबर. सगळी एकाच वर्षाच्या एकाच संचातली होती.

आमच्या घरात तेव्हा येणारी प्रत्येक वस्तू ‘परत गेल्यावर लागेल’ म्हणून यायची. मिक्सर, ब्लँकेटं, सोनं, सगळं परत गेल्यावर. ही कार्डं कुठेही गेलं तरी कशालाच लागणार नव्हती. म्हणून मला ती मनापासून आवडली.

संच पुरा करायचा असं ठरलं. वाटणी तिने सुचवली.

“भांडण नको बाई. विषम नंबर तुझे, सम माझे. एकदम क्लिअर.”

“आणि पुढे?” मी विचारलं.

“पुढे काय? जी आधी हे गाव सोडेल तिने आपला अर्धा भाग दुसरीला देऊन जायचं. खलास!”

आम्ही हातावर टाळी दिली. मी मोठा अल्बम आणला आणि त्यात कार्डं एकाआड एक लावत गेले. मधले कप्पे तिच्यासाठी रिकामे. पुढची कित्येक वर्षं जून-जुलैच्या उन्हात मी लोकांच्या व्हिला पालथ्या घातल्या, अनोळखी गोऱ्या बायकांना त्यांच्या मुलांचे खोके उघडायला लावले. सम नंबर सापडला तर इमानाने वर नेऊन द्यायचे. तीही मला क्वचित एखादं विषम आणून द्यायची. क्वचितच.

मग एका वर्षी माझ्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही अशी चिन्हं दिसू लागली. व्हिसा गेला तर मुलीची शाळा, घर, सगळंच गेलं. मी कुणाजवळ रडणार? तिच्याजवळ रडले, आणि कुणाला सांगणार नाही असा तिच्याकडून शब्द घेतला. पुढच्या शुक्रवारी एका मराठी घरी जेवायला गेलो तर यजमानीणबाई माझ्या ताटात जिलबी वाढता वाढता म्हणाल्या, “सामान विकणार असाल तर सोफा आम्हाला सांगा हं.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी घरी न जाता थेट तिच्या दारात उभी राहिले.

“अगं, काळजीपोटी बोलले,” ती म्हणाली. “लोक हेल्प करतील म्हणून.”

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. आमचं बोलणं संपलं ते संपलंच. लिफ्टमध्ये ती असली की मी जिना चढायचे.

असं असताना हॉस्पिटलमधली एक अमेरिकन नर्स देश सोडून निघायची होती आणि जायच्या आधी तिने मुलाचा खोका लॅबमध्ये माझ्या टेबलावर ठेवला. फुकट. घरी येऊन उघडला, तर त्याच संचातली कार्डं, आणि निम्म्याहून जास्त सम. मला न मिळालेला, मी कधी न मागितलेला दुसरा भाग जवळजवळ सगळा समोर पडला होता. मी ती रात्रभर जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवली.

“लाव ना सरळ,” नवरा म्हणाला. “आता कसला करार? ती तुझं तोंड तरी बघते का?”

“ममा, इट्स जस्ट कार्डबोर्ड,” मुलगी म्हणाली.

हात शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू? पण मी विषम तेवढी काढून घेतली आणि बाकीचा खोका दुसऱ्या दिवशी नर्सला परत केला. यात चांगुलपणा अजिबात नव्हता. शब्द मोडला तो तिने मोडला, मी नाही, हे मला कायमचं हवं होतं. तिला बोट दाखवायला सुईच्या टोकाएवढी जागा मी ठेवणार नव्हते. आणि कधी ना कधी ती गाव सोडेल, तेव्हा सम नंबर माझ्या हक्काने माझ्याकडे येतील, हेही होतंच.

ती सोडून निघाली दोन हजार सालानंतर, कॅनडाला. जिन्यात कागद लागला, लीव्हिंग सेल. मी साडी बदलून वर गेले. वाट बघितलेला दिवस होता तो.

कुकर, पडदे, टीव्ही मांडून ठेवलेले. ती मला बघून पडद्यांच्या घड्या घालू लागली. तिचा नवरा मात्र बिचारा खुलला.

“या या, वहिनी! किती वर्षांनी! हिचा अल्बम बघितलात का? सगळा सेट कम्प्लीट, फक्त एक राहिलंय. ह्यूस्टनचा माझा भाऊ पाठवायचा ना, अगदी पहिल्या वर्षापासून.”

त्याने अल्बम माझ्या हातात दिला. एक, दोन, तीन, चार. एकही कप्पा रिकामा नाही. मी उन्हात टाचा झिजवत होते तेव्हाही तिच्याकडे विषम नंबर टपालाने येत होते, आणि माझ्याकडून ती समही घेत होती. पानं उलटता उलटता एकच रिकामा कप्पा आला. एकशे सत्तावीस.

मी मान वर केली. मला वाटलं, आता तरी तिची नजर खाली जाईल.

“एकशे सत्तावीस असेल ना गं तुझ्याकडे?” ती म्हणाली. “तेवढं देऊन टाक ना. तुझा काय, अर्धाच तर सेट आहे.”

“आहे,” मी म्हणाले. “दोन आहेत.”

आणि अल्बम तिच्या कुकरवर ठेवून जिना उतरले.

“आता तरी सम नंबर जमवशील?” नवऱ्याने विचारलं. त्याच संध्याकाळी मी अल्बम काढला. एकशे सत्तावीस त्याच्या जागी होतंच. त्याची दुसरी प्रत मी शेजारच्या एकशे अठ्ठावीसच्या कप्प्यात सरकवली. तेवढा एकच सम कप्पा माझ्याकडे भरलेला आहे. बाकीचे अजून रिकामे आहेत.