गिरवलेलं चित्र

आमच्या चित्रकलेच्या वर्गात नवीन कुणी आलं आणि फोन पुढं करून म्हणालं, "बघा, एआयनं कसलं भारी चित्र काढलंय," की माझं डोकं फिरतं. वाकडं काढा, घाणेरडं काढा, पण आपल्या हातानं काढा, असं मी तावातावानं सांगते. समोरची बिचारी फोन पर्समध्ये टाकते. मी एवढी का चिडते हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची लाज वाटते.

वर्ग वालचंदनगरला भरतो, दर रविवारी. शिकवणारे सर निवृत्त ड्राफ्ट्समन, उभा जन्म यंत्रांची ड्रॉइंग काढण्यात गेला. ते दारातच प्रत्येकाचं खोडरबर काढून घेतात. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि तिच्या शेजारी दुसरी काढायची, हा त्यांचा नियम. मी सणसरहून स्कुटीवर जाते. बेचाळिसाव्या वर्षी शिकायला लागले, त्यामुळं हौस दांडगी आणि हात कच्चा.

पहिल्याच वर्षी सरांनी घरातलं माणूस समोर बसवून काढायला सांगितलं. मी सासऱ्यांना विचारलं. त्यांना सगळे तात्या म्हणतात. माझ्या लग्नाआधीच त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं. तेव्हापासून परक्या माणसासमोर तो हात टॉवेलखाली असतो. पण घरात ते तो लपवत नाहीत. मी म्हटलं, "तात्या, हात मांडीवर ठेवा, नीट दिसू द्या. चित्र वर्गात सगळ्यांना दाखवायचंय." त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि हात मांडीवर ठेवला.

चार संध्याकाळी ते अंगणात बसले. म्हशींच्या धारा माझ्या नवऱ्यावर सोपवल्या. पाठ अवघडली तरी हलले नाहीत. माझ्या कागदावर मात्र कधी पोतं उमटे, कधी भलताच माणूस. माझी चिडचिड व्हायला लागली. वर्गातल्या बायका हसतील या भीतीनं शेवटी मी त्यांचा फोटो काढला, फोनमधल्या एआयला दिला आणि पेन्सिलनं काढल्यासारखं चित्र करायला सांगितलं. निमिषात झालं. त्याची प्रिंट खिडकीच्या काचेला चिकटवली, वर कागद धरला आणि गिरवून टाकलं. दोन-चार चुकलेल्या रेघाही मुद्दाम मारल्या, कारण सरांना त्या लागतात.

सर चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. "हात बसला की तुमचा," म्हणाले आणि चित्र फळ्यावर लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी निर्लज्जासारखी हसले. ते हसू आठवलं की आजही कानशिलं तापतात.

नवऱ्यानं कौतुकानं बारामतीहून फ्रेम करून आणली आणि बाहेरच्या खोलीत लावली. तात्या फ्रेमसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "बरं केलंस पोरी, बोटं घातलीस ती. पाव्हण्यारावळ्यांत बरं दिसतंय."

मी मान वर करून बघितलं. मांडीवरच्या हाताला पाचही बोटं होती, धडधाकट, नखांसकट. एआयनं ती लावून दिली होती आणि मी त्यांच्यावरून पेन्सिल फिरवली होती. याच हातात मी अठरा वर्षं चहाचा कप देत आले.

तेवढ्यात तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढून उजव्या हातावर घेतला. माझ्यासमोर, स्वतःच्या घरात. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

"तात्या, मी न्हाय घातली बोटं," मी म्हटलं. "चित्रच फोननं काढलंय. मी नुसतं गिरवलं. गिरवताना ध्यानातच आलं न्हाय."

"म्हंजी तुला माज्या हाताची लाज न्हाय वाटली?"

"न्हाय, तात्या."

त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. पण मग त्यांनी पुन्हा फ्रेमकडं बघितलं, आणि माझ्याकडं.

"मग चार दिस म्होरं बसवून तू बघत काय हुतीस?"

आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते.