सुतक नसलेलं घर

म्हापशाच्या बाजारामागे औषधाच्या दुकानाच्या माडीवर आमची कचेरी आहे, आणि तिथे रुद्रेश गांवस माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. आम्ही भाड्याच्या खोल्यांसाठी, हॉटेलांसाठी, स्कूटरी भाड्यानं देणाऱ्यांसाठी अ‍ॅप करून देतो. हरमलला उतरलेल्या पर्यटकाला समुद्राकडची खोली मिळते ती बऱ्याचदा आमच्यामुळे. काम फार मोठं नाही, पण पोट भरतं. रुद्रेश आमच्यातला सगळ्यात हुशार, आणि त्याला एक खोड होती. काम चाललं की संपलं, पुन्हा वळून बघायचं नाही. मी डिचोलीची. माझे बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, आणि ट्रक उभा करून खाली उतरल्यावरही चाकामागे दगड लावलाय ना हे वाकून बघायचे. तीच सवय माझ्या अंगात आली. त्यावरून आमची रोज जुंपायची. "अश्विनी, तू प्रोग्रामर न्हय, तू सासू," असं तो तोंडावर म्हणायचा, आणि मी रागावले की उंड्या पावाचा तुकडा भाजीत बुडवत खुशाल हसायचा.

रुद्रेशला मामानं वाढवलं. आई पद्मावती लहानपणीच गेली, बापानं वास्कोला दुसरा संसार थाटला, आणि हे पोर इब्रामपूरच्या अलीकडच्या एका गावात भिकाजीमामाच्या घरी आलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत, आणि हे वाचून कोणी त्यांना वाईट म्हणावं असं मला वाटत नाही. मामाची बायको आधीच वारलेली. घरात मामा, त्याचा मुलगा ओंकार आणि रुद्रेश. मामानं काजूची बाग सांभाळत दोघांना सारखंच जेवू घातलं आणि सारखंच बडवलं. पुढे रुद्रेश शिकून म्हापशाला आला आणि ओंकार मालवाहू बोटीवर स्वयंपाकी म्हणून गेला. त्यानंतर मामा त्या घरात एकटाच राहिला. हातात बटणांचा फोन. बोट बंदराला लागली की ओंकारचा फोन यायचा. बोट दर्यात असली की कित्येक दिवस काहीच नाही.

श्रावणात त्या गावात भजनी सप्ताह असतो. देवळात समई पेटवायची आणि सप्ताह संपेपर्यंत भजन थांबू द्यायचं नाही. गावातल्या प्रत्येक घराला आपला पार असतो, म्हणजे ठरलेल्या वेळी त्या घरानं टाळ घेऊन देवापुढं उभं राहायचं. ओंकार बोटीवर गेल्यापासून मामाचा पार म्हणजे ओंकारसाठी देवाकडे घातलेलं गाऱ्हाणं. वर्षभर मामा देवळाकडे फारसा फिरकत नसे, पण पाराला धुतलेलं धोतर नेसून अर्धा तास आधीच हजर. देवापुढं एकदा उभं राहिलं की दर्या पोराला काही करणार नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

पार सांगायला पूर्वी बाबली यायचा. बाबली देवळाचा जुना सेवेकरी. सप्ताहाच्या आधी तो घरोघर फिरायचा, अंगणाच्या कडेला उभा राहून विचारायचा, "सगळीं बरीं मूं?" या प्रश्नाचा खरा अर्थ, घरात सुतक नाही ना? भावकीत कोणी वारलं असेल तर त्या घरानं देवापुढं उभं राहायचं नाही, त्यांचा पार दुसऱ्याला जायचा. ज्या घराचं सुतक बाबलीला आधीच ठाऊक असेल त्या घरी तो यायचाच नाही. मामाचा मोठा भाऊ पांडुरंग मुंबईला वारला तेव्हा गावानं ती बातमी दोन दिवस मामापासून दडवली होती. बाबली अंगणात आला नाही, त्यावरूनच मामानं काय ते ओळखलं. पुढे बाबलीचे गुडघे गेले, अर्धी घरं पर्वरी-वास्कोला राहायला गेली, आणि देवळाच्या समितीचे गोकुळदास रुद्रेशला म्हणाले, "तुजें तें अ‍ॅप आमकाय करून दी." त्यानं फुकट करून दिलं. घरी बसून केलं, मला दाखवलंही नाही.

आता इथे आमच्या धंद्यातलं थोडं सांगावं लागेल. या कामासाठी त्यानं डॉक्युमेंट डेटाबेस वापरला. आखलेल्या वहीत प्रत्येक ओळीला सारखेच रकाने असतात. एखादा रिकामा राहिला तर डोळ्यांत भरतो. डॉक्युमेंट डेटाबेसचं तसं नाही. तिथे प्रत्येक घराचं आपलं वेगळं गाठोडं. एकात चार गोष्टी, दुसऱ्यात सहा, आणि कोणाची तक्रार नाही. कामाला ते फार सोयीचं, आम्हीही रोज वापरतो. रुद्रेशनं सगळ्यात आधी चाचणीसाठी एक गाठोडं हातानं टाकलं, ते मामाचं: नाव, वाडा, फोन. मग बाकीचा गाव आला. सगळं जमल्यावर, अगदी शेवटी, गोकुळदासांना आठवण झाली. "रुद्रेशा, सुतक आसल्लीं घरां वगळूंक जाय हां. तें रावलें जाल्यार गांव माका खातलो."

त्यानं गावानं भरायच्या फॉर्ममध्ये सुतकाची जागा केली आणि तो पुन्हा सगळ्यांकडे पाठवला. ज्यांच्याकडे चांगले फोन होते त्यांनी स्वतः भरलं. ज्यांच्याकडे नव्हते त्यांचं यानं विचारून विचारून भरलं. मामाचं गाठोडं मात्र फॉर्ममधून आलेलंच नव्हतं, त्यानं ते स्वतः टाकलेलं, म्हणून त्याला हात लागला नाही. मग त्यानं प्रोग्राममध्ये एक ओळ लिहिली: ज्या घरांच्या नोंदीत 'सुतक: नाही' असं लिहिलंय तेवढी घरं आण. डेटाबेसनं सांगितल्या हुकमाप्रमाणे तेवढी घरं आणली. मामाच्या नोंदीत सुतक 'आहे' असंही नव्हतं आणि 'नाही' असंही नव्हतं, म्हणून ते घर आलं नाही. अशा वेळी डेटाबेस बोंब मारत नाही, लाल अक्षरं दाखवत नाही. मागितलं तेवढं देतो आणि गप्प बसतो. मामाच्या वेळेला प्रोग्रामनं पुढच्या घराचं नाव बसवलं आणि यादी कशी छान भरून आली. गोकुळदासांनी ती छापून देवळाच्या खांबाला चिकटवली. रुद्रेशनं ती एकदा जरी वरपासून खालपर्यंत वाचली असती! मला अजून चीड येते. स्वतःच्या मामाचं नाव आहे का, एवढं तरी माणूस बघतो की नाही?

पाराची वेळ कळवणारा अ‍ॅपचा संदेश मामाच्या फोनवर आला नाही. त्यानं एक दिवस वाट पाहिली आणि मग देवळात जाऊन यादी वाचली. स्वतःचं नाव नाही. त्या गावात घराचं नाव पारातून जायचं एकच कारण असतं. मामा खांबापाशी तसाच उभा राहिला. भाऊबंद म्हणावे असे कोणी उरलेच नव्हते. सुतक लागेल असं त्याच्या रक्ताचं जगात एकच माणूस होतं आणि ते बोटीवर होतं.

ज्यांनी यादी वाचली होती त्या सगळ्यांना वाटलं, भिकाजीच्या घराला सुतक आलंय. आणि सुतकाच्या घराला आमच्याकडे कोणी खोदून विचारत नाही. आपणहून सांगतील तेव्हा ऐकायचं. लोक वाटेत त्याला बघून जरा बाजूला झाले. हळू आवाजात बोलले. शेजारच्या विनोदिनीनं नेहमीसारखी अंगणात येऊन हाक न मारता भाजीची वाटी पायरीवर ठेवली आणि मागे वळली. जो तो आपापल्या परीनं चांगुलपणानंच वागत होता. मामानं त्या चांगुलपणाकडे बघितलं आणि त्याची खात्री झाली. गावाला ठाऊक आहे, पण कोणालाच मला सांगवत नाही.

रुद्रेशला त्यानं फोन का केला नाही? हे मी नंतर रुद्रेशलाच विचारलं. मामाला वाटलं होतं, पोराला ही बातमी सांगायचं धैर्य होत नसेल, त्याला घाई कशाला करा. भटजींकडेही गेला नाही, उगाच त्यांच्यावर सांगायची पाळी नको. तो एकटा व्हाळावर गेला. पावसानं व्हाळ गढूळ आणि भरून वाहत होता. त्यात त्यानं आंघोळ केली, आणि ओंजळीत तीळ घेऊन ओंकारच्या नावानं पाणी सोडलं. घरी येऊन देवापुढला दिवा लावला नाही, चूल पेटवली नाही, खाली घोंगडीवर बसून राहिला.

रविवारी रुद्रेश सप्ताहाला म्हणून गावी गेला. भर दुपारी घरात अंधार. मामा भिंतीला टेकून बसलेला.

"आयलो? बस," मामा म्हणाला. "सांग आतां."

"किते सांगूं?"

"माका खबर आसा रे. लिपोवं नाका. खंयच्या दर्यांत गेलो?"

रुद्रेशला कळायलाच वेळ लागला. कळल्यावर तो ओरडला, "ओंकार बरो आसा मामा! कोण मेलो ना!"

"मागीर म्हजो पार कित्याक काडलो?"

तो धावत देवळात गेला. गोकुळदासांना विचारलं; ते म्हणाले, तुझ्याच अ‍ॅपनं दिलेली यादी. तिथेच मंडपात बसून लॅपटॉप उघडला तेव्हा त्याला ती ओळ दिसली. दुरुस्ती एवढीशी. 'सुतक नाही' असं लिहिलेली घरं आण, असं म्हणण्याऐवजी 'सुतक आहे' असं लिहिलेली सोडून बाकीची सगळी आण. त्यानं ओळ बदलली आणि मामाचं नाव यादीत आलं. पण त्या वर्षीचा पार आदल्या दिवशीच दुसऱ्या घरानं करून टाकला होता. तरी त्यानं नवी यादी छापली आणि भिजू नये म्हणून शर्टाच्या आत धरून घरी नेली.

मामानं कागद उजेडाला धरून वाचला. मग विचारलं, "हें तुवेंच बरयलां न्हय?"

"हय मामा."

लिहिणारा तूच, मग हा पुरावा कसला, अशा नजरेनं मामानं कागद परत दिला. रुद्रेशनं बोटीवर फोन लावला, बोट आवाक्याबाहेर. ओंकारचा जुना फोटो दाखवला. मामा म्हणाला, तुझ्या यंत्रात काय दिसावं ते तुझ्या हातात आहे.

रुद्रेश कचेरीत आला तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं. मी त्याला फाडफाड बोलले. तो ऐकून घेत होता; सासू म्हणाला नाही. मग तो रडला आणि मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

काही दिवसांनी बोट बंदराला लागली आणि ओंकारचा फोन आला. रुद्रेश मुद्दाम गावीच राहिला होता. फोनमध्ये खरखर होती. ओंकारनं विचारलं, "बाबा, पार कसो जालो?" मामानं फोन कानाला घट्ट धरला. "कोण उलयता?" असं दोनदा विचारलं, पोराचं उत्तर ऐकलं, आणि फोन रुद्रेशच्या हातात दिला. दिवेलागणीला एवढंच म्हणाला, "हांवें ताका उदक सोडलां. तो जिवो आसल्यार तें उदक खंय गेलें?"

भटजींनी समजावलं, अजाणता सोडलेल्या पाण्याचा दोष नाही, एक शांती करू. शांती केली. मामा पाटावर बसला, सांगितलं तेवढं सगळं केलं, पण मनातलं गेलं नाही. कधी त्याला वाटायचं, पोरगा गेलाय आणि हे सगळे मिळून आवाज काढतात. कधी वाटायचं, पोरगा जिवंत आहे पण आपल्या पाण्यानं त्याचं आयुष्य तोडलंय. वाऱ्यानं माड हलले की उठून बाहेर यायचा. जेवण तुटलं. रुद्रेशनं म्हापशाची खोली सोडली आणि रोज गावाहून बसनं येऊ-जाऊ लागला. आता तो लिहिलेली प्रत्येक ओळ मला दाखवतो, पुन्हा पुन्हा वाचतो, आणि तरी त्याला झोप लागत नाही. मीच सांगते त्याला, पुरे झालं, ऊठ आता. गावात कोणी त्याला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं तो एकदा म्हणाला.

फाल्गुनात ओंकारची नोकरीची मुदत संपली. मोपाचा विमानतळ नवीनच सुरू झाला होता. रुद्रेशकडे स्कूटर, म्हणून बाबांची जुनी गाडी घेऊन मी त्याच्याबरोबर गेले. ओंकार बाहेर आला, काळवंडलेला, धडधाकट, दोन मोठ्या बॅगा घेऊन. वाटेत त्यानं बापासाठी घेतलेलं स्वेटर काढून दाखवलं. आम्ही त्याला सगळं आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, मला बघितल्यावर सगळं जाईल. मलाही तसंच वाटत होतं.

गाडी अंगणाच्या कडेला थांबली. मामा ओट्यावर उभा होता, खांबाला धरून. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. अंगावर मांस म्हणून नव्हतं. ओंकारनं "बाबा" म्हणून हाक मारली आणि अंगणात येऊन उभा राहिला. मामा ओट्यावरून उतरला. त्याच्याकडे बघत बघत, पण त्याच्या बाजूनं वळसा घालून माझ्यापाशी आला. मी परकी, मला त्याच्याशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. त्यानं माझा हात धरला, ओंकारकडे डोळ्यांनी खुणावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"बाये, तुकाय दिसता मगो तो?"

रुद्रेश माझ्या मागेच उभा होता.