इंगोल्फचं वाळकं शेवाळ

बोर्गिल्डला राग आला की तिचा आवाज खाली जातो. ध्रुववृत्तालगतच्या आमच्या बेटांवर यात नवल काही नाही. मे महिन्यात आयडर समुद्रातून चालत वर आल्या, की महिनाभर कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, हातोडा मारायचा नाही, दारात चटई झटकायची नाही, भडक रंगाचा सदरा घालायचा नाही. या समुद्री बदकिणी माणसांनी रचलेल्या दगडी खोपट्यांत अंडी घालतात, आपल्याच पोटाची लव उपसून अंड्यांभोवती अंथरतात, आणि पिल्लं घेऊन गेल्या की ती लव माणसांच्या रजयांत जाते. त्या बदल्यात माणसानं तोंड आवरायचं. नवराबायकोची भांडणंही कुजबुजत होतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय गोडीगुलाबी चाललीय.

बोर्गिल्ड एकसष्टची. तरुणपणी तिला मागणी घालायला एक देखणा खलाशी आला होता, पण बिचारा आला तो मोटारबोट फटफटवत, ऐन अंडी उबवायच्या दिवसांत. "इंजिन बंद कर," एवढंच ती म्हणाली. त्यानं केलं. मग पुन्हा सुरू केलं ते परत जाण्यासाठीच. त्यानंतर तिनं बदकिणीच सांभाळल्या आणि सोबत धाकटा भाऊ इंगोल्फ. यातलं अवघड काय होतं, हे तिला विचारायची सोय नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने ती मुख्य भूमीवर अडकली. घरट्यांचं काम इंगोल्फवर आलं. काम म्हणजे काय, तर घरट्यांतलं गेल्या सालचं शेवाळाचं अंथरूण जाळायचं, किनाऱ्यावरचं नवं शेवाळ गोळा करायचं आणि वारा खात, पाठ मोडेस्तोवर उलटंपालटं करून ते वाळवायचं. दर रविवारी ती फोनवर विचारायची, "शेवाळ वाळलं का रे?"

"खडखडीत, ताई."

तो खोटं बोलत नव्हता. शेवाळ खडखडीतच होतं.

मेच्या मध्यावर बोर्गिल्ड काठी टेकत होड्या ठेवायच्या खोपीत शिरली. तिथल्या अकरा घरट्यांत एकही पाखरू नव्हतं. अंडी थंडगार. हिरवट कवचांवर मोहरीएवढे तांबूस ठिपके. तिनं बोट फिरवलं तर ते पुसले गेले. रक्त होतं ते. तिनं हात घरट्यात घातला आणि कोपरापर्यंत पिसवा चढल्या. तळाशी हाताला लागली ती गेल्या सालच्या अंड्यांची टरफलं.

इंगोल्फ ओट्यावर कॉफी पीत होता. तिनं टरफल त्याच्या कपात टाकलं.

"हे नव्या शेवाळात कुठून आलं?" ती कुजबुजली.

इंगोल्फनं कपात पाहिलं. "ताई, ऐक. जुनं शेवाळ एवढं चांगलं होतं, जाळायचं जिवावर आलं. मी ते नीट झटकलं. वर माळ्यावर ठेवलं, चुलीच्या वर. हिवाळाभर ऊब मिळाली."

"कुणाला?"

"अं?"

"ऊब कुणाला मिळाली, इंगोल्फ?"

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"गाढवा, बाबा पाठ मोडून दरसाल जुनं जाळायचे, ते काय शेकोटीची हौस म्हणून? अकरा जणी अंडी टाकून गेल्या. उरल्यात त्रेचाळीस. अंगातलं रक्त पिऊ देत किती दिवस बसतील त्या? आणि एकदा गेल्या की या बेटावर पुन्हा येतील कशाला?"

"हळू, ताई."

"हळूच बोलतेय." हे खरं होतं, आणि म्हणूनच त्याला जास्त भीती वाटली.

घराच्या पायरीखाली बसणारी लंगडी बदकीण सोळा वर्षं तिथंच येत होती. बोर्गिल्ड पोटावर आडवी होऊन पाहू लागली. एरवी दगडासारखी बसणारी ती पाखरीण मिनिटामिनिटाला उठत होती, पोट टोचत होती, पुन्हा बसत होती. आणखी दोन दिवस, फार तर तीन.

बसलेल्या पाखराच्या घरट्याला हात लावायचा नाही, हा बाबांचा नियम. घरटं बदललं आणि बदकीण बिचकली, तर ती आजच जाणार. नाही बदललं, तर परवा. बोर्गिल्डनं रात्रभर तळमळ वगैरे काही केली नाही. तिनं इंगोल्फला होडी वल्हवत समोरच्या बेटावर पिटाळलं, तिथल्या बदकिणी सांभाळणाऱ्या आस्लौगकडे. आस्लौगकडे वाळवलेलं शेवाळ दरसाल उरतं, आणि बोलणंही.

"काय रे इंगोल्फ," पोती देताना आस्लौग म्हणाली, "ऐकलं की तू यंदा नवा धंदा काढलास. पिसवा पाळायचा."

"दे ना गं मावशे."

"देते. ताईला म्हणावं, पिसवांना खोपटी बांधायची असतील तर दगडही आहेत माझ्याकडे."

आयडर दोन-तीन दिवसांत एकदाच घरट्याबाहेर पडते, अंडी लवेनं झाकते, पाणी पिऊन वीसेक मिनिटांत परतते. तेवढ्यातच काय ते करायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी लंगडी बाहेर पडली. बोर्गिल्डनं अंडी लोकरी टोपीत घेतली, इंगोल्फनं जुनं अंथरूण पत्र्याच्या डब्यात कोंबून झाकण लावलं, तिनं नवं शेवाळ तळहातानं दाबून पहिल्यासारखाच वाडगा केला, लव झटकून परत घातली, अंड्यांवरचे ठिपके पुसून ती आत ठेवली. गुडघ्यातून कळ गेली तेव्हा तिनं शिवी हासडली, तीही ओठांतल्या ओठांत.

लंगडी आली. पायरीपाशी थबकली. मान तिरकी करून घरट्याकडे पाहिलं, दोन पावलं मागं गेली. मग ती आत शिरली, अंडी पोटाखाली ओढली आणि बसली. पुन्हा उठली नाही.

"जमलं की गं," इंगोल्फ हसला. "मिटलं म्हणायचं ना?"

"एकीचं मिटलं." तिनं रिकामी टोपी त्याच्या हातात दिली. "बेचाळीस राहिल्यात. कोण कधी उठेल सांगता येत नाही. मला वाकता येत नाही. तू प्रत्येकीजवळ आडवा पडून राहायचंस. आणि अंग खाजवायचं नाही, बिचकतात."

"बेचाळीस? ताई, माझ्या सदऱ्यात आत्ताच शिरल्यात त्या."

"ओळखीच्याच आहेत. तूच वाढवल्यास."

तो दुसऱ्या खोपट्यासमोर पोटावर आडवा झाला. थोड्या वेळानं त्याचा खांदा थरथरला, मान आखडली, बोटं गवतात रुतली. आतली बदकीण त्याच्याकडे टक लावून पाहत होती. बोर्गिल्ड पायरीवर काठी घेऊन बसली. तीही पाहत होती, आणि तिचा राग तसूभरही उतरला नव्हता.