घरभर कंदमुळं

सातवीतून शाळा सोडलेली मी, नवऱ्याच्या ट्रकच्या नोकरीमागे चिपळूणकडून कारंज्याला आले. एका जैन व्यापाऱ्याच्या घरी स्वयंपाकाचं काम मिळालं. महिनाभर बघू, मग ठेवायचं की नाही ते ठरवू, असं बाई म्हणाल्या. त्या घरात जमिनीखाली वाढलेलं काही चालत नाही आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरवंही नाही. माझ्या डोक्यात यादी राहीना.

पहिल्याच अष्टमीला सवयीने वरणावर कोथिंबीर पडली. बाईंनी सगळं वरण गाईपुढे ओतलं.

"शाळा काहून सोडली ते समजलं मले. डोकं कोकणातच ठेवून आली का वं?"

पण युक्तीही त्यांनीच शिकवली. "तुह्या माहेरचं घर डोळ्यापुढं आण. एकेका जागेवर एकेक जिन्नस ठेव. साधा नको, विसरशीन. पाहून किळस आली पायजे असा ठेव."

मी ठेवले. ओटीवर पाणी सुटलेला सडका बटाटा. उंबऱ्यावर ठेचलेला कांदा. देव्हाऱ्यात देव काढून लसूण. विहिरीत फुगून वर आलेलं रताळं. माजघरात आई झोपायची. तिच्या तोंडात मुळा खुपसला, पाल्यासकट, म्हणजे तिथीचं हिरवंही तिथेच आठवेल.

रोज सकाळी मी कणीक मळायची, बाई विचारायच्या, मी ओटीपासून निघायची. एकही चुकेना. काम टिकलं. त्यावर माझी दोन्ही मुलं शिकली. बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

मग आई गेली. पोचायला दीड दिवस, तोवर कोण थांबणार? भावाने व्हिडिओ कॉल लावला. "बघून घे शेवटचं," म्हणत फोन ओटीवरून आत नेला. बटाटा. कांदा. माजघरात आई निजवलेली. मला तिचा चेहरा दिसेना. मुळा दिसला, पाला हनुवटीवर लोळत होता. मी फोन उलटा ठेवला. भाऊ अजून तेच धरून बसलाय.

बाई म्हणाल्या, "तीन दिवस सुतक तुले. चौथ्या दिवशी न्हाऊन ये." ते तीन दिवस मी एकच विचार करत होते, त्यांनी दुसरी बाई पाहिली तर?

पाहिली नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी पाठीवरून हात फिरवला, चहा दिला. मग म्हणाल्या, "रडण्यात विसरली तर नाहीस? म्हण पाहू."

मी ओटीपासून निघाले. माजघराच्या दारात थांबले.

"हं, आणि?"

"मुळा," मी म्हणाले.