अणूंची आठवण

माझी भावजय दुधाने तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिते. कुलूप लावलं की ओढून बघते, पुन्हा ओढून बघते. लग्न ठरत असताना माझ्या भावाचं वय तिने मला एकटीला गाठून परत विचारलं होतं. मी तिला शंकेखोरबाई म्हणते.

पण या वेळी तिचा संशय स्वतःच्याच कामावर होता, आणि त्याचा मला राग आला होता. ती अणू थंड करते. लेसरच्या उजेडाने त्यांची धावपळ इतकी कमी करते, की ते जवळजवळ थिजतात. मग उजेडाच्याच खळग्यांत त्यांना बसवते, एक रांग भरलेली, एक रिकामी. फोटोत पट्टे दिसतात. फोटो काढला की ते अणू उडून जातात. पुढच्या फोटोसाठी नव्याने भरून मोकळे सोडले की अणूंनी एकमेकांना ढकलत पसरायला हवं, पट्टे पुसले जायला हवेत. हिचे पुसलेच जात नव्हते. अणू आपली जागा विसरत नाहीत म्हणून तिचे सर हरखले होते. लेख शुक्रवारी पाठवायचा होता. त्यावर तिची कायमची नोकरी ठरणार होती, नाहीतर वर्षअखेरीला करार संपत होता.

"इतके सरळ पट्टे? कुणीतरी फसवतंय," ती जेवताना म्हणाली.

"कोण, अणू?" भावाने विचारलं.

ती हसली नाही. आधी तिने सहकाऱ्यालाच विचारलं, तू फोटो साफसूफ करतोस का? त्याने बोलणं टाकलं. मग संशय लेसरवर, मग आरशांवर.

गुरुवारी दुपारी तिने मला प्रयोगशाळेत बोलावलं. मी बालवाडीची बाई, माझा अणूंशी काय संबंध?

"म्हणूनच," ती म्हणाली. "काय दिसायला हवं ते तुम्हाला माहीत नाही."

काळ्या पडद्याआड टेबलभर आरसे, वायरींचा गुंता आणि मधोमध काचेची बोटभर पेटी. तिने दोन फोटो समोर धरले. पट्टे कशात आहेत?

मी चष्मा पुसला. पहिल्यात होते. दुसऱ्यात जरा फिकट, पण होते.

"दोन्हींत!" मी म्हणाले. वाटलं, झाली नोकरी पक्की.

ती स्टुलावर बसली. "दुसऱ्या वेळी मी अणू भरलेच नव्हते, ताई. पेटी रिकामी होती. कॅमेरा आधीचा फोटो पूर्ण पुसत नाही. तोच पुढच्यात उतरतोय."

मी घाईने चष्मा काढला. "अगं, माझं काय ऐकतेस! चष्म्याचा नंबर वाढलाय माझा. आणि तू हे केलंस ते कुणी बघितलंय? चल घरी."

कुलूप ओढून बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला परत विचारलं नाही. आता तुम्ही शब्द फिरवू नका."

मला तिचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

"दोन्हींत होते," मी म्हणाले.

तिने सरांना फोन लावला.