एका खांद्यातला कापूस

मंठ्याच्या रहमतुल्ला टेलरने टीव्हीवरच्या माणसाचा राग म्हणून कधी धरला नव्हता. पण अंगदचं तोंड दिसलं की त्याला शिसारी यायची.

अंगद गावातलाच, बद्रीनाथचा धाकटा. एका वाहिनीवर रात्री अकराला पाहुणे बोलवून त्यांची टिंगल करायचा कार्यक्रम त्याला नुकताच मिळाला होता. गाव रात्री झोपायचं आणि सकाळी रहमतुल्लाच्या दुकानातल्या बाकावर बसून मोबाइलवर तो बघायचं. कुणी म्हणे, पोरानं गावाचं नाव काढलं. कुणी म्हणे, पाहुण्याला बोलूच देत नाही.

"आधी सोताच हसतो, मंग टाळ्या मागतो," रहमतुल्ला मशीनवरून मान न उचलता म्हणायचा. "त्या म्हाताऱ्या नटीला त्यानं कवळीचं विचारलं. बाई तोंडावर हात धरून हसली. याला काय मस्करी म्हणायचं?"

चौथ्या भागात अंगद एक जुना काळा कोट घेऊनच आला. कॉलेजच्या गॅदरिंगला पहिल्यांदा सूत्रसंचालन केलं, तेव्हा रहमतुल्लाने शिवून दिलेला. खांदे उसवून त्याने कॅमेऱ्यापुढे धरले. उजवीकडे पातळ चकती, डावीकडे मूठभर कापूस.

"आमच्या गावचा टेलर!" अंगद ओरडला. "एका खांद्यात कापूस भरला, दुसऱ्याचा बहुतेक स्वतःच्या उशीत घातला!"

लोक हसून लोळले. बाकावरचेही हसले. रहमतुल्लाची कात्री कापडात तशीच थांबली.

बारा वर्षांचा असताना अंगद चिंचेवरून पडला होता. हाड वाकडं बसलं आणि डावा खांदा कायमचा उतरला; घरच्यांनी ते बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. माप घेताना टेप तिथून फिरली आणि रहमतुल्लाला सगळं कळलं. तो चकार शब्द बोलला नाही, अंगदपाशीही नाही. डावीकडे कापूस जास्त भरला आणि पोरगं स्टेजवर ताठ दिसलं. चाळीस वर्षांत अशी किती अंगं त्याच्या टेपखालून गेली होती. आखूड पाय, पोक, वाळलेला हात. त्यातलं एकही त्याने घरी बायकोला, हसीनालाही सांगितलं नव्हतं, मग बाजारात सांगणं तर लांबच.

आता मात्र बाजार त्यालाच सांगू लागला. "चाचा, आमचा कापूस बराबर भरा हां!" लग्नसराईच्या तोंडावर बाकावर रोज बसणारा कल्याण आला आणि भावाच्या शेरवानीचं कापड परत घेऊन गेला. वर म्हणाला, "पाव्हणे हसतेल हो, दुसरं काही न्हाई." पाठोपाठ आणखी तिघांनी कापडं नेली.

"खरं काय ते सांगून टाका ना एकदाचं," हसीना कळवळून म्हणाली. तोवर तिलाही खरं काय ते माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की नवऱ्याची शिलाई चुकत नाही.

"तो घाण करून राह्यला म्हणून मी बी करू?" रहमतुल्ला म्हणाला आणि ताट सारून उठला.

महिन्याभराने बद्रीनाथच दुकानात आला. काखेत पिशवी, पिशवीत मुंबईचा भारी कोट. बाकावर कल्याण आणि दोघेतिघे बसलेलेच होते.

"रहमतभाई, तिकडचा एक बी कोट त्याच्या अंगावर सरळ बसना. लोक लिहून राह्यलेत, हा वाकडाच उभा राह्यतो म्हणून. तुझ्या कोटात तर बिलकुल ताठ दिसायचा. बघ जरा."

बाक कान टवकारून बसला. एका वाक्याचं काम होतं. ते बोललं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळी कापडं परत आली असती आणि अंगदच्या खांद्याची चर्चा मोबाइलमोबाइलवर गेली असती. वाक्य रहमतुल्लाच्या जिभेवर येऊनही ठेपलं.

त्याने बद्रीनाथला ट्रायलच्या पडद्याआड नेलं. फळीवरून कापूस काढला, अस्तराच्या तुकड्यात शिवून त्याचा पॅड केला आणि कागदात गुंडाळून हातात दिला.

"डाव्या खांद्यात घालायला सांग. त्याचं हाड उतरलंय, तुला ठावं हाय. चारचौघांत उघडू नको."

बद्रीनाथचा चेहरा पडला. "म्हंजे तू तवाच... मंग बोलला का न्हाईस?"

"गिऱ्हाइकाच्या अंगाचं दुकानाबाहेर नेत न्हाईत. आन हा कोट घेऊन जा. त्याच्या अंगाला माझी टेप आता लागणार न्हाई. किळस येती मला."

दोघे बाहेर आले. कागदाचं पुडकं बघून कल्याण खिदळला, "काय बद्रीकाका, उशीतला कापूस परत दिला का चाचानं?"

बाक खदाखदा हसला. रहमतुल्लाने बद्रीनाथकडे पाहिलं. आता बोलायची पाळी त्याची होती.

बद्रीनाथने पुडकं काखेत घट्ट दाबलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि तोही सगळ्यांबरोबर हसला.